रांग कशी लावावी?

“तुम्ही नेमके करता तरी काय?” हा प्रश्न डॉक्टरला कोणी विचारीत नाही, वकिलाला विचारीत नाही, शाळामास्तराला तर मुळीच विचारीत नाही. मला मात्र तो प्रत्येक लग्नकार्यात, सोसायटीच्या प्रत्येक सभेत आणि वर्षातून निदान एकदा सासुरवाडीस विचारला जातो. “मी कर्नलचे काम पाहतो,” असे खरे उत्तर द्यावे, तर विचारणारे गृहस्थ एकदम ताठ बसतात आणि “कोणती पलटण?” म्हणून पुसतात. तेव्हा खुलासा आधीच केलेला बरा. हा कर्नल लष्करातला नव्हे. संगणकाचा सारा कारभार पाहणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्या अगदी पोटातला जो भाग, त्याला इंग्रजीत बदामाच्या आतल्या गराचे नाव दिले आहे. उच्चार तेवढा लष्करी.

संगणक म्हणजे एक जुना वाडा आहे अशी कल्पना करा. वाड्यात अनेक बिऱ्हाडे. कोणी गाणी ऐकवतो, कोणी पत्रे पोचवतो, कोणी हिशेब ठेवतो. ही बिऱ्हाडे म्हणजे आपण रोज वापरतो ते प्रोग्रॅम. पण पाण्याची टाकी, जिना, दिंडी दरवाजा आणि विजेचा मीटर हे सर्वांचे सामाईक, आणि ते सांभाळणारा तो कर्नल. एखाद्या बिऱ्हाडातली भाजी करपली तर त्या घरच्यांचे जेवण बिघडते. पण टाकीच कोसळली तर साऱ्या वाड्याची तारांबळ उडते. म्हणून बिऱ्हाडात जे चालते ते टाकीपाशी चालत नाही. इतरांनी कर्नलसाठी लिहिलेला कोड वाचावयाचा आणि ‘हे चालेल’, ‘हे चालणार नाही’ असे सांगावयाचे, हा माझा धंदा.

या धंद्यातील एका अगदी साध्या दिसणाऱ्या गोष्टीविषयी आज लिहावयाचे आहे. ती गोष्ट म्हणजे क्रम लावणे. लहान आधी, मोठा नंतर; एवढेच. वाचक म्हणतील, यात तपासण्यासारखे काय आहे? पण माणसाचा स्वभाव जसा त्याच्या पंगतीत बसण्यावरून कळतो, तसा कोड लिहिणाऱ्याचा विचार त्याच्या क्रम लावण्यावरून कळतो.

क्रम हवा कशाला?

शब्दकोश अकारविल्हे नसता तर ‘दिवाळी’ हा शब्द शोधण्यास सगळी पाने चाळावी लागली असती. क्रम आहे म्हणून आपण मधले पान उघडतो, शब्द अलीकडे की पलीकडे ते पाहतो, आणि अर्धा कोश एका झटक्यात बाद करतो. दहा लाख नावांची क्रमवार यादी असेल, तर अवघ्या वीस वेळा असे विचारले की हवे ते नाव हाती येते. कर्नलला अशा शोधाशोधी सतत कराव्या लागतात, आणि त्याही पापणी लवण्याच्या आत. म्हणून त्यालाही याद्या लावून ठेवाव्या लागतात.

आता यादी लावावयाची कशी? आपल्या सर्वांना येणारी पहिली रीत पत्त्यांची. डाव्या हातात पाने, उजव्या हाताने नवे पान उचलावयाचे आणि आधी लावलेल्या पानांत योग्य जागी खुपसावयाचे. इंग्रजीत तिला इन्सर्शन सॉर्ट म्हणतात. तेरा पानांना हिच्याइतकी झकास रीत नाही. पण तेरा हजार पानांना? प्रत्येक पानासाठी मागची हजारो पाने सरकवत बसावे लागेल.

दुसरी रीत एका इंग्रज तरुणाने काढली. टोनी होअर हा १९३४ साली कोलंबोत जन्मलेला गृहस्थ. मॉस्को विद्यापीठात शिकत असता, रशियन भाषेचे यंत्राने भाषांतर करण्याच्या खटपटीत त्याला शब्दांचा क्रम लावण्याची गरज पडली आणि ही युक्ती सुचली. पुढे इंग्लंडात नोकरी करताना त्याला वरिष्ठांनी दुसरी एक रीत यंत्रावर बसवण्यास सांगितली. त्याने ती बसवली आणि म्हटले, माझ्याजवळ याहून वेगवान रीत आहे. वरिष्ठांनी सहा पेन्सांची पैज लावली आणि ते हरले! ही रीत १९६१ साली छापून आली. तिचे नाव क्विकसॉर्ट.

परीक्षकाजवळ उत्तरपत्रिकांचा ढीग आहे असे समजा. त्याने एक पत्रिका उचलली, पंचेचाळीस गुण. त्याहून कमी गुणांच्या सर्व पत्रिका डावीकडे टाकल्या, जास्तीच्या उजवीकडे. मग डाव्या ढिगाचे तसेच दोन भाग, उजव्याचे तसेच दोन. असे करीत गेले की ढीग भराभर लहान होतात आणि काम फत्ते. रीत इतकी वेगवान की जगभरच्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली. आजही कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलाला “क्रम लाव” म्हटले की तो डोळे मिटून क्विकसॉर्ट लिहितो.

दगा देणारी सरासरी

पण या रीतीत एक मेख आहे. परीक्षकाने उचललेली पहिलीच पत्रिका सर्वांत कमी गुणांची निघाली तर? डावीकडे काहीच पडणार नाही आणि उजवीकडे एक सोडून सारा ढीग तसाच राहील. पुन्हा तसेच झाले, पुन्हा तसेच झाले, तर प्रत्येक फेरीत एकच पत्रिका जागी बसेल.

आकडे पाहा. दहा लाख नोंदी आहेत. नशीब बरे असेल तर क्विकसॉर्टला दोन-तीन कोटी तुलना पुरतात. सेकंदाला दहा कोटी तुलना होतात असे धरले, तर पाव सेकंदाचे काम. नशीब फिरले तर तुलनांची संख्या जाते पन्नास हजार कोटींवर, आणि पाव सेकंदाचे होतात एक तास तेवीस मिनिटे!

“असे नशीब कितीदा फिरते हो?” असे कोणी म्हणेल. सरासरीने पाहिले तर क्वचितच. पण सरासरीविषयी आमच्या सौभाग्यवतींचे मत मला कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा पटते. नवे संसारी असताना मी हिशेब केला होता की आमच्याकडे दिवसाला सरासरी पाऊण पाहुणा येतो. सबब चार ताटे पुरेत. ती म्हणाली, “पाहुणे सरासरीने येत नाहीत, एकदम येतात. आणि तेही भाऊबीजेला.” ताटे बारा घेतली.

कर्नलच्या बाबतीत प्रकार याहून वाईट. पाहुणे नकळत एकदम येतात. पण येथे कोणी मुद्दाम बारा माणसे गोळा करून, तुमच्या घरी चारच ताटे आहेत हे हेरून, दारावर थाप मारू शकतो. डग मॅकइलरॉय यांनी १९९९ साली एक मोठी मिस्कील गोष्ट सिद्ध केली. त्यांनी एक असा प्रतिस्पर्धी प्रोग्रॅम लिहिला, की तो स्वतःचे आकडे आधी ठरवीतच नाही. क्विकसॉर्ट विचारते, “या दोहोंत मोठा कोण?” आणि हा त्या क्षणी सर्वांत गैरसोयीचे ठरेल असे उत्तर देतो, मात्र मागल्या उत्तरांशी विसंगत होऊ देत नाही. शेवटी जी यादी तयार होते, ती त्या क्विकसॉर्टचा नेमका काळ असते.

पुढे २००३ साली अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी दाखवून दिले की, सरासरीच्या भरवशावर उभ्या असलेल्या दुसऱ्या काही रचनांनाही बाहेरून मोजकी, वेचक माहिती पाठवून गुडघ्यावर आणता येते. कुलूप फोडावे लागत नाही की किल्ली चोरावी लागत नाही. कारकुनाला फक्त असे काम द्यावयाचे की तो त्यातच बुडून जावा आणि खिडकीबाहेरची रांग हलू नये.

लिनक्सने काय निवडले?

लिनक्स हा कर्नल फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केला. आज जगभर लक्षावधी मोठ्या यंत्रांत तो आहे, आणि तुमच्या हातातला फोन अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या पोटातही हाच गर आहे. त्याचा कोड कोणालाही वाचता येतो, कोणालाही सुधारणा सुचवता येते. मात्र ती दहा जणांच्या नजरेखालून गेल्यावाचून आत जात नाही.

२००५ सालच्या जानेवारीत कर्नलसाठी क्रम लावण्याची एक सामाईक सोय असावी अशी गरज निघाली. क्विकसॉर्ट सुचवली गेली होतीच. मॅट मॅकॉल या कार्यकर्त्याने तिच्याऐवजी दुसरीच रीत लिहून पाठवली आणि तिच्यासोबत कारणेही दिली. पहिले कारण वर आलेच आहे: वाईट यादी मुद्दाम बनवता येते, आणि मग क्षणाचे काम सेकंदांवर व सेकंदाचे काम आठवड्यांवर जाऊ शकते. ते टाळायचे तर पत्रिका उचलताना चिठ्ठी टाकावी लागेल, आणि कोणाला आधी ओळखता येणार नाही अशी चिठ्ठी टाकणे स्वस्त नाही.

दुसरे कारण जागेचे. ढिगातून ढीग काढताना ‘कोणता ढीग लावायचा राहिला’ याची टिपणे ठेवावी लागतात. ही टिपणे ज्या कोनाड्यात ठेवतात त्याला स्टॅक म्हणतात. साध्या प्रोग्रॅमला लिनक्समध्ये हा कोनाडा सहसा आठ मेगाबाइटचा मिळतो. कर्नलला आजच्या नेहमीच्या ६४ बिटांच्या इंटेल जातीच्या यंत्रावर मिळतो सोळा किलोबाइटचा, म्हणजे पाचशेबाराव्या हिश्शाचा! २०१४ पूर्वी तर तो आठच किलोबाइटचा होता. क्विकसॉर्ट नीट बेताने लिहिली तर टिपणे थोडक्यात भागतात, हे खरे. पण ‘नीट लिहिली तर’ या तीन शब्दांवर सामाईक टाकी बांधीत नाहीत.

मॅकॉल यांनी निवडली ती हीपसॉर्ट. ही रीत जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी १९६४ साली प्रसिद्ध केली. तिचे वर्णन सरकारी कचेरीच्या भाषेत उत्तम होते. प्रत्येक अधिकाऱ्याच्या हाताखाली दोन माणसे, त्यांच्या हाताखाली प्रत्येकी दोन, असे खालपर्यंत. नियम एकच: वरिष्ठाचा आकडा हाताखालच्या दोघांपेक्षा लहान असता कामा नये. म्हणजे सर्वांत मोठा आकडा आपोआप साहेबांच्या खुर्चीत. साहेबांना सन्मानाने निवृत्त करून रांगेच्या शेवटच्या जागी बसवा. खुर्ची रिकामी झाली. तिच्यावर सर्वांत खालचा कारकून आणून बसवा. तो अर्थातच तेथे टिकत नाही. हाताखालच्या दोघांतला मोठा वर येतो, हा खाली उतरतो, आणि योग्य जागी स्थिर होतो. पुन्हा नवे साहेब निवृत्त. असे करीत गेले की साऱ्यांचा क्रम लागतो.

कचेरी दहा लाखांची असली तरी वरपासून खालपर्यंत पायऱ्या वीसच. त्यामुळे कोणी कितीही कपटाने यादी रचली, तरी काम ठरावीक मर्यादेबाहेर जातच नाही. शिवाय सारी अदलाबदल आहे त्याच खुर्च्यांत होते, टिपणांना वेगळा कोनाडा लागत नाही. वेग? उत्तम क्विकसॉर्टच्या सरासरी वेगाच्या सत्तर ते नव्वद टक्के, असे मॅकॉल यांनी त्या वेळी मोजून सांगितले होते. म्हणजे रोजच्या दिवशी दहा ते तीस टक्के गमवावयाचे आणि त्या बदल्यात काळदिवस टाळावयाचा. विम्याचा हप्ता भरणाऱ्या कोणाही संसारी माणसाला हा व्यवहार समजेल.

एका टोपणनावाची करामत

चौदा वर्षे हा कोड असाच चालला. मग २०१९ साली ‘जॉर्ज स्पेल्विन’ या नावाने एक सुधारणा आली. अमेरिकन रंगभूमीवर ज्या नटाला आपले नाव जाहिरातीत नको असते, तो परंपरेने हेच नाव घेतो. कर्नलच्या दरबारात मात्र नावापेक्षा कामाची किंमत.

सुधारणेचे मर्म कचेरीतच पाहू. तळाचा कारकून साहेबांच्या खुर्चीत बसवला की तो बहुतेक वेळा पुन्हा तळाशीच जाणार, हे उघड आहे. मग प्रत्येक पायरीवर “दोघांत मोठा कोण?” आणि “तो या कारकुनापेक्षा मोठा आहे का?” असे दोन प्रश्न कशाला? आधी फक्त पहिला प्रश्न विचारीत तळापर्यंत वाट काढावी, आणि मग कारकुनाची जागा खालून वर शोधावी. ती सहसा एक-दोन पायऱ्यांतच सापडते. मोठ्या विस्कळीत याद्यांत तुलनांची संख्या जवळजवळ निम्मी झाली; अदलाबदल मात्र अगदी पूर्वीचीच, पूर्वीच्याच क्रमाने. ही युक्ती पूर्वीच ग्रंथांतरी होती. इंगो वेगेनर या जर्मन पंडितांचा तिच्यावरील लेख १९९३ सालचा. पण ग्रंथातली गोष्ट नेमकी कोठे लावावी हे ओळखणे, ही खरी विद्या.

येथे कोणी विचारील, की मग सगळीकडे हीपसॉर्टच का नको? कारण यादीही दोन जातींची असते. एक नाट्यगृहातल्या खुर्च्यांसारखी. खुर्च्या जमिनीला खिळलेल्या, माणसांनी जागा बदलावयाची. दुसरी आगगाडीच्या डब्यांसारखी. डबा कोठेही उभा असेना, त्याची कडी पुढच्या डब्याला अडकवली की झाले. डब्यांच्या यादीत कचेरीचा खेळ जमत नाही, कारण ‘पाचशेवा डबा कोणता’ हे सांगण्यास मोजत जावे लागते. तेथे कर्नल मर्जसॉर्ट वापरतो. दोन लावलेल्या गाड्या घ्यावयाच्या, दोन्हींच्या तोंडच्या डब्यांत लहान कोण ते पाहावयाचे, आणि तो सोडवून नव्या गाडीला जोडावयाचा. ही रीत १९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांनी लिहिली. खुर्च्यांच्या यादीत तिला सहसा तेवढीच मोठी दुसरी जागा लागते. डब्यांच्या यादीत फक्त कड्या बदलतात. शिवाय समान आकड्याचे दोन डबे पूर्वीच्याच क्रमाने राहतात. हीपसॉर्टला ही सभ्यता नाही.

तपासणाऱ्याचे प्रश्न

आता माझ्या टेबलाकडे येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या पुण्याच्या कचेरीत एका हुशार मुलाने साठवणुकीच्या एका यंत्रासाठी ड्रायव्हर लिहिला. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि कर्नल यांच्यामधला दुभाष्या. त्यात त्याने स्वतःची क्विकसॉर्ट घातली होती. कोड सुबक होता, चाचण्याही केल्या होत्या.

“सर, चौसष्ट नोंदी घेतल्या आणि हजार वेळा चालवून पाहिले. एकदाही अडले नाही,” तो म्हणाला.

मी म्हटले, “छान. या चौसष्ट नोंदी कुठून आणल्यास?”

“रँडम घेतल्या, सर.”

“आणि गिऱ्हाइकाच्या यंत्रात त्या कुठून येणार?”

तो क्षणभर थांबला. “यंत्रच पाठवतं, सर.” मग आवाज जरा खाली आला. “ते... आधीच क्रमानं लावून पाठवतं.”

त्याला पुढे काही सांगावे लागले नाही. त्याची क्विकसॉर्ट दर वेळी पहिलीच पत्रिका उचलीत होती, आणि लावलेल्या यादीत पहिली पत्रिका नेहमीच सर्वांत लहान! आम्ही दोघांनी कागदावर हिशेब मांडला. प्रत्येक पायरीच्या टिपणाला चौसष्ट बाइट धरले, तरी सोळा किलोबाइटचा कोनाडा दोनशे छप्पन्न पायऱ्यांत भरतो. म्हणजे चौसष्ट नोंदींवर सुरेख चालणारा हा कोड तीनशे लावलेल्या नोंदींवर साऱ्या यंत्राला घेऊन कोसळला असता. आणि गिऱ्हाइकाकडे नोंदी साठ हजारांपर्यंत जाण्यासारख्या होत्या. त्या यंत्रावर कोणाचे हिशेब, कोणाचे रोगनिदानाचे अहवाल, कोणाची लग्नाची छायाचित्रे असतील, कोण जाणे. त्या लोकांना ‘क्विकसॉर्ट’ हे नावसुद्धा कधी कळले नसते. आपली वस्तू गेली, एवढेच कळले असते.

मुलाने आपला कोड काढून कर्नलमधली तयार सोय वापरली. साठ ओळींच्या जागी एक ओळ आली. आता तोच मुलगा इतरांचा कोड तपासतो आणि माझ्यापेक्षा कडक तपासतो.

तपासताना आम्ही जे प्रश्न विचारतो, ते असे. नोंदी किती, आणि जास्तीत जास्त किती होतील? दहा-वीसच असतील तर पत्त्यांची रीत पुरे, शहाणपणा नको. नोंदी कोणाच्या हातून येतात? परक्याच्या हातून येत असतील तर सरासरीचे नाव काढू नये. क्रम लावीत असता दाराला कुलूप तर घातलेले नाही? कारण कुलूप असेल तर बाहेर सारा वाडा खोळंबतो. समान आकड्यांचा आधीचा क्रम टिकला पाहिजे का? आणि शेवटचा प्रश्न: दोन नोंदींत लहानमोठे ठरवतो कोण, आणि तो खरे बोलतो का?

या शेवटच्या प्रश्नाचे पुष्कळांना नवल वाटते. क्रम लावणारा स्वतः तुलना करीत नाही. तो एका पंचाला विचारतो. पुष्कळ जण हा पंच एका ओळीत लिहितात: पहिल्यातून दुसरा वजा करावा, उत्तर ऋण आले तर पहिला लहान. शाळेतले गणित! पण संगणकाच्या ३२ बिटांच्या आकड्याची धाव दोन्ही बाजूंना सुमारे दोनशे चौदा कोटींपर्यंतच. उणे दीडशे कोटींतून दीडशे कोटी वजा केले, तर खरे उत्तर उणे तीनशे कोटी. ते मावत नाही, आणि बहुधा आकडा गिरकी घेऊन अधिक एकशे एकोणतीस कोटींवर जातो. पंच बेधडक सांगतो की उणे दीडशे कोटी हाच मोठा. मग रामापेक्षा गोविंद उंच, गोविंदापेक्षा हरी उंच, आणि हरीपेक्षा राम उंच, असा गोंधळ होतो.

असल्या खोट्या पंचामुळे काय होते याचे उदाहरण २०२४ सालच्या जानेवारीत उजेडात आले. ते कर्नलमधले नव्हे. लिनक्सवरील असंख्य प्रोग्रॅम ज्या सामाईक ग्रंथालयावर अवलंबून असतात, त्या ग्लिबसीमधले. क्वालिस या कंपनीच्या सुरक्षा-संशोधकांनी दाखवले की, तेथील क्रम लावणाऱ्या कोडाला असा विसंगत पंच मिळाला आणि त्याच वेळी मेमरीचा तुटवडा पडला, तर तो यादीच्या सीमेबाहेर जाऊन भलत्याच जागी लिहितो. हा दोष निदान १९९२ सालापासूनच्या आवृत्त्यांत होता! बत्तीस वर्षे हजारो डोळ्यांखालून गेलेली ओळ. कर्नलमधली हीपसॉर्ट खोट्या पंचापुढे क्रम चुकवील, पण खुर्च्यांबाहेर पाऊल टाकणार नाही. कारण कोणत्या खुर्चीवरून कोणत्या खुर्चीवर जावयाचे याच्या सीमा ती पंचाला विचारून ठरवीत नाही. वाईटात वाईट काय होईल, हा प्रश्न वेळेपुरता नसतो, तो असा.

आणि या सर्वांच्या आधी एक प्रश्न आहे, तो कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. हे काम आत्ताच करावयास हवे का? पाहुणे दारात आल्यावर चकल्यांची भाजणी दळावयास कोणी बसत नाही. कर्नलजवळ एक तक्ता असतो: प्रोग्रॅमने दिलेल्या जागेला हात लावताना अमुक ठिकाणी ठेच लागली, तर अमुक ठिकाणी जाऊन सावरावे. तो क्रमवार लागतो, कारण ठेच लागल्यावर शोधाशोध करण्यास सवड नसते. पूर्वी यंत्र सुरू होताना दर वेळी हा तक्ता लावीत. २०१२ साली सोय झाली की कर्नल बांधतानाच, म्हणजे कारखान्यातच, तो लावून द्यावा. कोट्यवधी वेळा होणारे काम एकदाच झाले. सर्वांत वेगवान रीत ती, जी वेळेवर करावीच लागत नाही.

तरुण वाचकांपैकी ज्यांना या वाटेने जावयाचे असेल, त्यांनी लिनक्सच्या कोडात क्रम लावण्याची ती फाईल जरूर उघडून पाहावी. काही पानांचा मजकूर आहे. त्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एकही आज्ञा नव्हे, तर माणसांसाठी लिहिलेली दोन-तीन ओळींची टीप. क्विकसॉर्ट सरासरीने थोडी वेगवान असूनही येथे का घेतली नाही, याचे कारण तीत नोंदवले आहे: तिच्या वाईट दिवसाचा कोणी फायदा घेऊ शकतो, आणि तिला जागा जास्त लागते. लिहिणारे बदलले, कोड आतून पुष्कळ बदलला, तुलना निम्म्यावर आल्या; पण ते कारण जागेवर आहे. उद्या कोणी उत्साही तरुण अधिक वेगवान रीत घेऊन येईल, त्याला प्रथम या टिपेला उत्तर द्यावे लागेल. उत्तर असेल तर रीत बदलेल, आणि बदललीच पाहिजे. मात्र त्यालाही आपले कारण असेच लिहून ठेवावे लागेल, त्याच्यानंतर येणाऱ्या अनोळखी माणसासाठी.